मोटारीची धाव : टायरची निवड, निगा आणि पालट

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी बसविलेली असते तिला आपल्या भाषेत धाव म्हणतात. लोहार ती पट्टी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवितो, विस्तवात लाल होईपर्यंत तापवितो, तापून ती रुंदावली म्हणजे चाकावर चढवितो आणि लागलीच वर पाणी ओततो. निवताना धाव आकसते व चाकाचे सारे लाकूड असे आवळून धरते की, गाडी दगडधोंड्यांतून कितीही चालली तरी चाक खिळखिळे होत नाही. पुढे धाव सैल झाली तर ती वाजू लागते, आणि गाडीवानास वेळीच समज मिळते. मोटारीलाही धाव असते. तिला आपण टायर म्हणतो. परंतु ही धाव रबराची व हवेची आहे, आणि बिघडू लागली तरी ती बहुधा वाजत नाही. म्हणून तिची परीक्षा कानांनी न करता डोळ्यांनी करावी लागते. ती कशी करावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

टायर फुटून मोटार उलटल्याची वार्ता आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. वाचणारा हळहळतो, आणि 'वेळ आली होती, कोण काय करणार' असे म्हणून पान उलटतो. शोकात बुडालेल्या मनुष्यास या शब्दांनी काही दिलासा मिळत असेल, तर तो हिरावून घेण्याची आमची इच्छा नाही. तथापि विद्यार्थ्यांस शास्त्र शिकविणाऱ्यांनी तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. रस्त्यात पडलेली सळई किंवा अंधारातील खड्डा यांमुळे एखादे वेळी चांगला टायरही फुटतो, हे खरे. परंतु पुष्कळदा जे एका क्षणात घडलेले दिसते ते कित्येक आठवडे, किंबहुना कित्येक महिने, हळूहळू घडत आलेले असते. आणि त्या काळात टायरने आपली अवस्था पाहणाऱ्यास दाखविलेली असते. हवा कमी असणे, खाचा झिजणे, रबर जुने होणे आणि पेलेल त्याहून अधिक ओझे लादणे, ही त्याची चार मुख्य कारणे होत. चारही पाहता येतात व चारही आपल्या हाती आहेत.

ओझे हवा वाहते

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापविले, तेव्हा हा दोष नाहीसा होतो असे त्यास आढळून आले. पुढे १८४५ साली रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु त्या काळी त्याचा प्रसार झाला नाही. १८८७ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली, आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. १८९५ साली मिशेलिन बंधूंनी पॅरिस ते बोर्डो या शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार चालविली. हल्लीच्या मोटारींस जो रेडियल टायर असतो, त्याचे पेटंट त्याच मिशेलिन कंपनीने १९४६ साली घेतले. त्यात दोऱ्यांचे थर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात, आणि खाचांच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात.

या सर्व इतिहासाचे सार असे की, मोटारीचे ओझे मुख्यतः रबर वाहत नसून आत कोंडलेली हवा वाहते. रबर, दोरे व तारा ही त्या हवेची पिशवी होय. हे एका सोप्या गणिताने समजेल. माणसांसह १,४०० किलो वजनाची मोटार घेऊ. प्रत्येक चाकावर सुमारे ३५० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पौंड हवा आहे असे आपण म्हणतो, याचा अर्थ दर चौरस इंचास ३३ पौंड, अर्थात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब. ३५० ला २.३ ने भागले असता सुमारे १५० येतात. म्हणजे एक टायर रस्त्यास सुमारे १५० चौरस सेंटिमीटर एवढ्याच जागी टेकतो. पोस्टकार्डापेक्षा ही जागा थोडीच मोठी. चारही चाकांची मिळून ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ज्या ए-४ मापाच्या कागदावर विद्यार्थी आपला प्रकल्प लिहितात त्या एका कागदाएवढी जागा. आईबाप, मुले, आजीआजोबा व सामान घेऊन धावणारी मोटार एवढ्याच जागेवर रस्त्याला धरून असते. वळणे, थांबणे व सावरणे ही सर्व कामे त्या एका कागदावर होतात. तो कागद शाबूत राखणे हेच टायरच्या निगेचे सर्वस्व आहे.

हवा किती व केव्हा भरावी

आपल्या मोटारीस किती हवा हवी, हे मोटार बनविणाराच ठरवितो. चालकाच्या दाराजवळील खांबावर, किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत, एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर पुढील व मागील चाकांचे आकडे दिलेले असतात. माणसे व सामान पूर्ण भरले असता मागील चाकांस अधिक हवा लागते, म्हणून कित्येक मोटारींच्या चिठ्ठीवर भरलेल्या गाडीचा आकडा निराळा असतो. टायरच्या बाजूवर जो मोठ्यात मोठा दाब कोरलेला असतो, तो त्या टायरची मर्यादा होय. नित्य भरावयाचा आकडा तो नव्हे. या दोहोंत अनेकांची गल्लत होते.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. मोटार निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चाललेली असावी. याचे कारण नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस भौतिकशास्त्राच्या तासाला कळलेले आहे: आकारमान तेच राहिले तर वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन तपमानास टायरमध्ये ३३ पौंड हवा होती असे समजू. बाहेरच्या हवेचा सुमारे १४.७ पौंड दाब मिळविला म्हणजे निरपेक्ष दाब ४७.७ झाला. हमरस्त्यावर धावून टायरमधील हवा ५७ अंश, म्हणजे ३३० केल्व्हिन झाली, तर दाब एक-दशांशाने वाढून सुमारे ५२.५ होईल. त्यातून १४.७ वजा केले असता मापकावर जवळजवळ ३८ पौंड दिसतील. ही वाढ स्वाभाविक आहे आणि टायर बनविणाऱ्याने ती हिशेबात धरलेली असते. परंतु मापक पाहून कोणी घाबरला व त्याने ती हवा सोडून ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी टायर निवाल्यावर त्यात २९ पौंडांहूनही कमी हवा उरेल. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवण्याची जी चाल आहे, ती याच कारणाने घातक आहे. ज्या संकटास भिऊन हवा सोडली, तेच संकट त्यामुळे जवळ येते.

चांगल्या टायरमधूनही महिन्यास सुमारे एक पौंड हवा आपोआप कमी होते. रेडियल टायर थोडा कमी हवेचा असला तरी डोळ्यांस भरलेलाच दिसतो. लाथ मारून पाहिल्यानेही काही कळत नाही. एतदर्थ पंधरा दिवसांनी एकदा, आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी, मापकाने हवा पाहावी. नायट्रोजन भरण्याविषयी पालक विचारतात. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. निव्वळ नायट्रोजन कोरडा असतो व किंचित सावकाश गळतो, एवढाच त्याचा लाभ. तो भरला म्हणून मोजण्याच्या कामातून सुटका होत नाही.

कमी हवा व उष्णता

हवा कमी असली म्हणजे टायर का फुटतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकविली तर ती गरम होते व शेवटी तुटते, हे मुलांनी करून पाहिलेले असते. टायरचेही तसेच आहे. लहान मोटारीच्या साधारण टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने तो सेकंदास १४ वेळा फिरतो, म्हणजे एका तासात त्याचा प्रत्येक भाग सुमारे ५१ हजार वेळा रस्त्यावर दबतो व पुन्हा सरळ होतो. हवा पुरेशी असली तर हे वाकणे थोडे असते. हवा कमी असली तर बाजूची भिंत दर फेऱ्यास खोल वाकते, उष्णता वाढते, आणि रबर व तारांचे पट्टे यांचा सांधा सुटू लागतो. त्यात वेग, कडक ऊन व जादा ओझे यांची भर पडली म्हणजे टायरचा अंत जवळ आला असे समजावे.

अमेरिकेत याची कठोर शिकवण मिळालेली आहे. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांपैकी पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर या उंच मोटारींवर बसविलेले होते. वेगात धावत असता टायरवरील खाचांचा थर सुटून येई व मोटार उलटे. तेथील शासकीय रस्ता-सुरक्षा खात्याने २७१ मृत्यूंचा संबंध या टायरांशी जोडला. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना यांसारख्या उष्ण प्रांतांत हे अपघात विशेष झाले. टायरांच्या रचनेत व घडणीत दोष होतेच. शिवाय मोटार बनविणाऱ्यांनी चिठ्ठीवर २६ पौंड इतकाच दाब सांगितला होता, याविषयीही मोठा वाद झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत नवा कायदा झाला, आणि त्यातून पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी होताच दिवा लावून सूचना देणारे यंत्र बसविणे बंधनकारक झाले. ही सूचना मिळण्याकरिता एवढे प्राण जावे लागले, हे आपण विसरू नये. ज्यांच्या मोटारीत असा दिवा आहे त्यांनी तो लागल्यावर 'घरी गेल्यावर पाहू' असे म्हणू नये.

आपल्याकडेही आता सलग वेगाचे रस्ते झाले आहेत. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. पूर्वी गावोगावच्या गर्दीमुळे व खड्ड्यांमुळे मोटारीस थांबत थांबत जावे लागे, आणि टायरला आपोआप विसावा मिळे. सलग वेगात तो मिळत नाही. गावातल्या गावात जो टायर वर्षभर निभावला, तो अशा रस्त्यावर दोन तासही निभावेल असे धरून चालू नये. दर दोन तासांनी थांबावे. चालकास विश्रांती मिळते आणि टायरासही मिळते.

खाचा आणि पाऊस

टायरवरील खाचा शोभेकरिता नसतात. कोरड्या रस्त्यावर त्यांचे काम थोडे. पावसात मात्र त्यांवाचून चालत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचा एक टायर १५ सेंटिमीटर रुंद जागेवरून पाणी बाजूस सारतो असे धरू. रस्त्यावर केवळ दोन मिलिमीटर पाणी असले, तरी सेकंदास साडेसहा लिटरांहून अधिक पाणी त्यास हटवावे लागते. ते खाचांतून वाहून जाते. खाचा झिजल्या तर पाण्यास वाट राहत नाही. ते टायरच्या खाली पाचरीसारखे शिरते व टायरला रस्त्यावरून उचलते. मग चक्र हातात एकाएकी हलके लागते, ते फिरविले तरी मोटार वळत नाही आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. असे झाल्यास ब्रेक जोराने न दाबता व चक्र न झटकता, वेग हळूच कमी होऊ द्यावा.

नव्या टायरच्या खाचा सुमारे आठ मिलिमीटर खोल असतात. मोटारीच्या टायरसाठी आपल्या नियमांत १.६ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा ठरविलेली आहे. ती ओळखण्याकरिता खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात, व त्यांची जागा दाखविण्यासाठी टायरच्या कडेस त्रिकोण किंवा 'टी डब्ल्यू आय' ही अक्षरे असतात. खाच झिजून त्या उंचवट्याशी समान झाली की टायर संपला. परंतु कायद्याची मर्यादा म्हणजे शहाणपणाची मर्यादा नव्हे. कोकणात किंवा घाटात पावसाळा काढावयाचा असेल तर खाच तीन मिलिमीटर उरली असतानाच टायर बदलणे इष्ट. कंपासपेटीतील पट्टीने हे माप कोणाही विद्यार्थ्यास घेता येईल.

झीज कोठे झाली आहे, हेही वाचावयास शिकावे. दोन्ही कडा झिजल्या असल्या तर हवा कमी होती. मधला भाग झिजला असला तर हवा जास्त होती. एकच कड झिजली असली तर चाकांची दिशा बिघडली असून अलाइनमेंट करून घेतली पाहिजे. झीज ठिगळाठिगळांची असली, किंवा वेगात चक्र थरथरत असले, तर बॅलन्सिंग पाहावे. चारही टायर सारखे झिजावेत म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरांनी, मोटारीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, त्यांच्या जागांची अदलाबदल करावी.

टायरवरील अक्षरे व आकडे

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच अशी ओळ असते, ती अशी वाचावी. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास १५ इंच. ८८ हा भाराचा संकेत आहे, त्याचा अर्थ तो एक टायर ५६० किलो भार पेलतो. याच रीतीने ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो व ९१ म्हणजे ६१५ किलो. शेवटचे अक्षर वेगाचे: एस ताशी १८०, टी १९० व एच २१० किलोमीटर. ही टायरच्या बळाची मर्यादा आहे. तितक्या वेगाने जाण्याची परवानगी नव्हे. नवा टायर घेताना मोटारीच्या पुस्तिकेत दिलेलेच माप घ्यावे, आणि भार व वेग यांचे संकेत मूळच्यापेक्षा कमी कधीही घेऊ नयेत. केवळ दिसण्यासाठी रुंद टायर चढविल्यास तो चाकाच्या कमानीस घासण्याचा संभव असतो, व वेगाचा काटाही चुकतो. भारतीय मानकाची आय.एस.आय. ही खूण टायरवर आहे, याचीही खात्री करून घ्यावी.

याहून अधिक दुर्लक्षित अशी एक ओळ आहे. 'डी ओ टी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेताच्या शेवटी चार अंक असतात. ते २३१९ असे असले, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. कधी कधी हे अंक टायरच्या एकाच बाजूस असतात, म्हणून आतली बाजूही पाहावी. प्राणवायू, ओझोन व ऊन यांच्या योगाने रबर न वापरताही कडक होते व त्यास बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकारास दाखवावा, आणि दहा वर्षांनंतर तो दिसावयास कितीही चांगला असला तरी वापरू नये, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांचीच मर्यादा घालतात. आपल्याकडील ऊन पाहता सहा वर्षांची मर्यादा पाळावी असे आमचे मत आहे. जी मोटार वर्षभर अंगणात उभी असते व केवळ दिवाळीत आणि मे महिन्यात गावी जाते, तिच्या खाचा नव्यासारख्या दिसतात. परंतु रबराचे वय लपत नाही. जुन्या बाजारातील स्वस्त टायर घेण्यापूर्वी हे चार अंक अवश्य वाचावेत. त्याने पूर्वी काय सोसले आहे ते मात्र त्यावर कोठेही लिहिलेले नसते, हेही ध्यानात ठेवावे.

पंक्चर व स्टेपनी

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा एकदम जात नाही, हा त्याचा गुण. आणि म्हणूनच त्याच्या पंक्चरकडे दुर्लक्ष होते, हा त्याचा तोटा. जमिनीस टेकणाऱ्या भागात सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र असेल तर ते दुरुस्त करता येते. टायर रिमवरून उतरवून, आतून पाहून, आतल्या बाजूने लावलेले ठिगळ हीच खरी दुरुस्ती होय; बाहेरून घातलेली चिकट दोरी निकडीपुरती समजावी. बाजूच्या भिंतीतील छिद्र दुरुस्त करू नये, तो टायर बदलावा. बाजूस फुगवटा आला असेल तर आतील दोरे तुटले आहेत असे निश्चित समजावे. असा टायर घेऊन पुढच्या गावापर्यंतही वेगाने जाऊ नये. हवा गेलेल्या टायरवर मोटार काही अंतर चालली असेल, तर आतून भिंत चुरडलेली असू शकते. म्हणून नुसती हवा भरून समाधान मानू नये.

जादा चाकास आपण स्टेपनी म्हणतो. हे नाव वेल्समधील लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आले. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकण्यास आरंभ केला. युरोपात हा शब्द बहुतेक मागे पडला, आपल्या देशात मात्र तो घराघरांत राहिला. खेदाची गोष्ट एवढीच की शब्द राहिला तरी वस्तूची आठवण राहत नाही. सामानाखाली पडलेल्या स्टेपनीत हवा आहे की नाही, हे पुष्कळांस रात्री आडरानात प्रथम कळते. शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. दिवे दहाही जणींजवळ होते; तेल पाचजणींनी आधी भरून ठेवले होते. स्टेपनी असणे व तीत हवा असणे यांत तेवढेच अंतर आहे.

पालट

टायर बदलावयाचे झाल्यास एका आसावरील दोन्ही एकाच मापाचे, एकाच जातीचे व शक्य तर एकाच वयाचे असावेत. दोनच नवे घेणे परवडत असेल, तर ते मागील चाकांस लावावेत. पुढे लावावेत असे अनेकांस वाटते. परंतु ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर मोटार गरकन फिरते व ती सावरणे सामान्य चालकास कठीण जाते, म्हणून टायर कंपन्या मागेच लावण्यास सांगतात. टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा घ्यावा. चाकाचे नट एकापुढील एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. नवा टायर प्रथम थोडा निसरडा असतो, म्हणून आरंभीची दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवावे.

चार टायरांची किंमत सामान्य गृहस्थास जड वाटते, हे आम्ही जाणतो. त्यातून जून महिन्यात पावसाळा, शाळेची फी, पुस्तके व गणवेश ही सर्व एकदमच येतात, आणि टायर पुढच्या महिन्यावर जातो. यावर आमची सूचना अशी की, टायर हा अकस्मात खर्च समजू नये. त्याचे वय व खाच ही दोन्ही आपणांस आधी कळतात. म्हणून एक वर्ष अगोदरपासून दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवावी, आणि दोन टायर एका सहामाहीत व दोन दुसरीत घ्यावेत. हवा बरोबर ठेवल्याने टायर अधिक टिकतो व इंधनही वाचते. ही खरी काटकसर. झिजलेला टायर आणखी एक पावसाळा चालविणे ही काटकसर नव्हे. टायर बदलण्याचा दिवस आपण ठरविला नाही, तर तो रस्ता ठरवितो.

इतके करूनही टायर फुटलाच, तर चक्र दोन्ही हातांनी घट्ट व सरळ धरावे, एकदम ब्रेक दाबू नये, पाय हळूहळू उचलून वेग कमी होऊ द्यावा, आणि मोटार आटोक्यात आल्यावर रस्त्याच्या कडेस घ्यावी. पुढच्या व मागच्या सर्वांनी पट्टे बांधलेले असावेत. मोटार उभी राहिल्यावर धोक्याचे दिवे लावून मुलांस रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे न्यावे.

शनिवारचा पाठ

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही अद्याप मोटार चालवीत नाही. परंतु पाहू मात्र शकता. महिन्यातून दोन शनिवारी सकाळी, मोटार थंड असताना, बाबांबरोबर किंवा आईबरोबर पुढील गोष्टी कराव्या. पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.

१. दारावरील चिठ्ठी वाचून चारही टायरांची व स्टेपनीची हवा मापकाने पाहावी.
२. प्रत्येक टायरच्या तीन ठिकाणी खाचेची खोली पट्टीने मोजावी.
३. बाजूस भेगा, काप किंवा फुगवटा आहे काय, ते हात फिरवून पाहावे.
४. खाचांत अडकलेले खडे काढावे; खिळा दिसल्यास तो न उपटता मोठ्यांस सांगावे.
५. तारखेचे चार अंक एकदा वहीत उतरून ठेवावे.

ज्या व्हॅनने किंवा रिक्षाने तुम्ही शाळेत येता तिच्या टायरांकडेही लक्ष असावे. खाच उंचवट्याशी समान झालेली दिसली, तर 'काका, या टायरची खूण लागली आहे' असे नम्रपणे सांगावे, आणि घरीही सांगावे. पालकांनी अशा वेळी मुलास गप्प न बसविता स्वतः जाऊन पाहावे, आणि व्हॅनवाल्याशी गोडीने बोलावे. त्याचाही संसार त्या चाकांवर चालतो. दोन-तीन पालकांनी आगाऊ पैसे देऊन त्याची नड भागविली, तर ती देणगी नसून आपल्याच मुलांची काळजी होय.

परमेश्वर आपले रक्षण करतो अशी आमची श्रद्धा आहे, आणि प्रवासास निघताना प्रार्थना करण्याची आपल्या अनेक घरांत चाल आहे. ती चांगली आहे. परंतु त्याने आपणांस पाहावयास डोळे, मोजावयास बुद्धी आणि आवरावयास हात दिलेले आहेत. त्यांचा उपयोग न करता केलेली प्रार्थना अर्धीच राहते. मागच्या आसनावर विश्वासाने झोपी गेलेले मूल त्या कागदाएवढ्या जागेविषयी काही जाणत नाही. ते ज्यांना कळते, त्यांनी वाकून एकदा टायर पाहावा, एवढेच आमचे मागणे आहे.

स्वाध्याय

१. माणसांसह १,२०० किलो वजनाच्या मोटारीच्या चारही टायरांत ३० पौंड हवा आहे. एक टायर रस्त्यास किती चौरस सेंटिमीटर जागी टेकेल? (एक पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.०७ किलो धरावे.)
२. टायरवर ४१२० हे अंक आहेत. तो कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात तयार झाला? आज त्याचे वय किती?
३. आपल्या घरच्या, अथवा शेजारच्या, एका मोटारीच्या चारही टायरांच्या खाचा मोजून तक्ता करावा, व झीज असमान असल्यास तिचे कारण लिहावे.